टाच कोणी बांधली?

जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शन या डोंगरी गावात बर्फाच्या ज्या उतारावर वर्ल्ड कपच्या स्की-शर्यती होतात, त्या उताराचं नाव आहे ‘कंदाहार’. इटलीत सेस्त्रिएरेलाही एक कंदाहार आहे. म्युरेन या स्विस खेड्यात शंभर वर्षांपूर्वी निघालेला कंदाहार स्की क्लब आजही चालू आहे. कंदाहार म्हटलं की आपल्याला १९९९ सालचं पळवलेलं विमान आठवतं, फार तर गांधारी. अफगाणिस्तानातलं हे शहर आल्प्समध्ये पोचलं कसं, याचा माग काढायला बसलो आणि हाती लागला एका खुनाचा खटला. मेलेलं होतं एक वळण, टेलेमार्क. आरोपी होती स्कीला बूट जखडणारी एक तार, आणि तिचंही नाव कंदाहार! आरोपी निर्दोष आहे, असं माझं म्हणणं आहे. ते पटवायला जरा लांबून यावं लागेल.

टेलेमार्क हा दक्षिण नॉर्वेतला डोंगराळ प्रांत. तिथल्या मोर्गेदालचा सोन्द्रे नॉरहाइम (जन्म १८२५) हा कूळ म्हणून राहणारा गरीब माणूस. १८६८ साली, वयाच्या ४२व्या वर्षी, क्रिस्तियानियाच्या म्हणजे आजच्या ओस्लोच्या स्पर्धेत उतरून त्याने राजधानीला तोंडात बोटं घालायला लावली. त्याचं वळण असं: एक पाय पुढे सरकतो, मागचा गुडघा वाकून खाली जातो, मागची टाच उचलली जाते आणि दोन्ही स्की मिळून एकच लांब कमान होते. भुसभुशीत, न तुडवलेल्या बर्फात माणूस तोंडावर आपटत नाही, कारण वजन पुढे-मागे पसरलेलं असतं. यासाठी पाय स्कीवर पक्का हवा आणि टाच मात्र मोकळी हवी, कोल्हापुरी चपलेत असते तशी. नॉरहाइमने पिळलेल्या ओल्या फांदीचा वेढा टाचेमागून घेऊन हे साधलं.

हा वेढा त्याचाच शोध की आधीपासून चालत आलेली युक्ती, यावर अभ्यासकांत वाद आहे. असे टाचबंध आधीही होते, असं म्हणणाऱ्यांची बाजू मला भक्कम वाटते. एका खेड्यातल्या एका माणसाला एवढं सुचावं आणि शेजारच्या दरीत कुणालाच सुचू नये, हे अवघडच. पण माझ्या खटल्याला त्याने बाध येत नाही. वेढा कुणाचाही असो, १८६८ साली टाच मोकळी होती, एवढं पुरे. नॉरहाइम १८८४ साली अमेरिकेला गेला आणि १८९७ साली नॉर्थ डकोटाच्या सपाट माळावर वारला. दरम्यान नॉर्वेच्याच नान्सेन या धाडसी प्रवाशाने १८८८ साली स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं, त्याचं पुस्तक युरोपभर गाजलं आणि आल्प्समधल्या हौशी लोकांनी नॉर्वेहून स्की मागवायला सुरुवात केली.

आता कंदाहार. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंदला अफगाण सेनानी आयुब खानाने इंग्रजांच्या एका ब्रिगेडचा धुव्वा उडवला. नऊशेहून जास्त माणसं पडली. त्या ब्रिगेडमध्ये इंग्लंडच्या ६६व्या पलटणीबरोबर बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स आणि बॉम्बे सॅपर्स, अशी आपल्या मुंबई इलाख्याची फौज होती. उरलेले कंदाहारच्या तटाआड कोंडले गेले. त्यांना सोडवायला जनरल फ्रेडरिक रॉबर्ट्स सुमारे दहा हजार सैन्य घेऊन काबूलहून निघाला आणि पाचशे किलोमीटर तुडवून ऑगस्टअखेर कंदाहारला पोचला. दुसऱ्याच दिवशी त्याने आयुब खानाला हरवलं. इंग्लंडभर जयजयकार झाला. कानपूरला जन्मलेला हा सेनानी पुढे, १८९२ साली, ‘लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ झाला.

मैवंदचा आणखी एक जखमी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे: डॉ. वॉटसन. शेरलॉक होम्सच्या १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत तो मुंबई बंदरात उतरतो, पलटणीला गाठायला कंदाहारकडे जातो आणि मैवंदला गोळी खाऊन परततो. आता गंमत बघा. वॉटसनचा जन्मदाता कॉनन डॉयल ऑगस्ट १८९३ मध्ये स्वित्झर्लंडला व्याख्यान द्यायला गेला, तो हेन्री लन या गृहस्थाच्या व्याख्यानमालेत. त्याच फेरीत त्याने रायशनबाखचा धबधबा पाहिला आणि वर्ष संपायच्या आत होम्सला त्यात ढकलून दिलं. बायकोच्या क्षयामुळे मुक्काम दावोसला होता. तिथे त्याने नॉर्वेजियन स्की मिळवल्या आणि मार्च १८९४ मध्ये तिथल्याच ब्रांगर बंधूंबरोबर खिंड ओलांडून दावोसहून आरोसा गाठलं. त्या वर्षीच्या डिसेंबरच्या ‘स्ट्रँड’ मासिकात त्यावर लेख लिहून, पुढे शेकडो इंग्रज स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील असं भाकीतही केलं.

भाकीत खरं करून दाखवलं ते त्याच हेन्री लनने. हा मूळचा मद्रासला आलेला मेथॉडिस्ट मिशनरी. हिंदुस्थान सोडल्यावर धर्मपरिषदा भरवता भरवता तो सहली काढू लागला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समधली ओस पडणारी हॉटेलं हिवाळ्यात इंग्रजांनी भरू लागला. गिऱ्हाईक उच्चभ्रू, म्हणून त्याने कंपनीला क्लबाचं रूप दिलं आणि लॉर्ड रॉबर्ट्सना उपाध्यक्ष केलं. जानेवारी १९११ मध्ये माँटानाला ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ चषकासाठी पहिली शर्यत झाली. स्पर्धक आदल्या दिवशी पायी चढून डोंगरातल्या झोपडीत राहिले आणि सकाळी प्लेन मोर्त हिमनदीवरून खाली सुटले. वाट आखलेली नव्हती, बर्फ कुणी दाबलेला नव्हता. जो आधी पोचला तो जिंकला.

हेन्रीचा मुलगा आर्नोल्ड लन, १८८८ साली मद्रासलाच जन्मलेला. १९२२ साली म्युरेनला त्याने बर्फात झेंडे रोवून आजचं स्लॅलम सुरू केलं. तोवर वळण देखणं किती, याला परीक्षक गुण देत. लन म्हणाला, देखणेपण गेलं उडत, कमीत कमी वेळात खाली कोण येतो ते सांगा. १९२४ साली त्याने कंदाहार स्की क्लब काढला. १९२८ साली ऑस्ट्रियाच्या हान्नेस श्नायडरबरोबर आर्लबर्ग-कंदाहार शर्यत सुरू केली. साधारण त्याच सुमारास गीदो रूज या स्विस इंजिनिअरने आपली तार तयार केली आणि शर्यतीवरून तिला कंदाहार नाव दिलं. या रूज घराण्याचा धंदा संगीतपेट्यांचा. झाकण उघडलं की टिणटिण वाजणाऱ्या त्या नाजूक डब्या. स्प्रिंग आणि बारीक यंत्र हे घरचंच काम. म्हणजे मैवंदचा पराभव, म्हाताऱ्या सेनापतीचा किताब, मिशनऱ्याचा चषक, मद्रासी पोराचा क्लब, एवढ्या पायऱ्या उतरून ते नाव एका तारेला चिकटलं. वॉटसनचा धागा यात गुंतवायचा मोह मला फार होतो, पण डॉयलमुळे चषक झाला असं म्हणायला आधार नाही. त्या काळच्या इंग्रजांच्या तोंडी कंदाहार सदोदित होतं, इतकंच म्हणतो.

आता आरोपपत्र. सांगतात असं की, कंदाहार आली, टाच स्कीला बांधली गेली आणि टेलेमार्क मेलं. पण ती तार हातात घेऊन बघा. बुटाच्या पंज्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी गाल. टाचेमागे खोबणीत बसणारी स्प्रिंग, तिच्या दोन्ही टोकांना तार, आणि तार ताणायला पुढे एक खटका. स्कीच्या कडांना छोटे आकडे. मागच्या आकड्यांखालून तार घेतली की टाच खाली ओढली जाते. तिथून सोडवली की टाच मोकळी. चढा, चाला, हवं तर टेलेमार्क घ्या. आरोपीच्या हातात फास होता तशी किल्लीही होती! दोन आकड्यांतून तार काढणं एवढंच काम, आणि लोक ते करेनासे झाले. तेव्हा गुन्हा तारेवर कसा लादायचा?

दुसरा संशयित आल्प्स स्वतः. ऑस्ट्रियातल्या लिलियनफेल्डचा माटियास झ्दार्स्की नान्सेनमुळे स्कीकडे वळला आणि १८९०च्या दशकात त्याने ठरवलं की नॉर्वेची रीत इथल्या कड्यांवर चालणार नाही. त्याने आखूड स्की, पोलादी बायंडिंग (स्कीला बूट जखडणारा बंध) आणि एकच लांब काठी घेऊन वेगळी पद्धत बसवली. उतार तीव्र म्हणून टेलेमार्क हरलं, हा युक्तिवाद वजनदार आहे. पण पुढे तीस-एक वर्षं टेलेमार्क आल्प्समध्ये शिकवलं जात होतं, ते कसं? आणि आज अनेकजण त्याच तीव्र उतारांवर, पिस्त (दाबून तयार केलेली वाट) सोडून, टेलेमार्कने उतरतात, ते कसं? उतार तेच आहेत.

माझा संशय आगगाडीवर आणि घड्याळावर. म्युरेनची रेल्वे हेन्री लनच्या खटपटीने हिवाळ्यात धावू लागली. वर जायला गाडी मिळाली की मोकळ्या टाचेचं अर्धं कामच संपलं. दाबलेल्या बर्फावर टेलेमार्कचा भुसभुशीत बर्फातला फायदाही गेला. आणि स्लॅलमने सौंदर्याचे गुण काढून सेकंद मोजायला घेतले, तेव्हा गुडघा टेकत डौलात येणाऱ्याला कोण विचारतो? १९३१ साली म्युरेनला या शर्यतींची पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९३६ साली त्या ऑलिंपिकमध्ये गेल्या. पोरं जिंकणाऱ्याचं बघून शिकतात. वळण अडगळीत गेलं. स्की-उडीत मात्र, एक पाय पुढे टाकून जमिनीला टेकायची टेलेमार्कची ढब टिकली. ती नसली की तिथे परीक्षक अजून गुण कापतात.

पुढचं पान अमेरिकेतलं. १९७०च्या दशकात कोलोरॅडोच्या क्रेस्टेड ब्यूटमध्ये काही तरुण गजबजलेल्या पिस्तांना कंटाळले आणि नॉर्वेजियन बनावटीच्या बारीक स्की चढवून लिफ्टच्या पलीकडे गेले. तिथे आपल्या पायांनी चढायचं होतं, बर्फ कोरा होता, आणि टाच आपसूक मोकळी होती. वळण परत आलं. नंतर जोराची पकड हवी झाली तेव्हा टेलेमार्कवाल्यांनी टाचेमागून तारच घेतली. कडेचे मागचे आकडे गाळलेली जणू ती कंदाहारच. ज्या तारेवर खुनाचा आळ, तिच्याच जोरावर मयत पुन्हा डोंगर उतरू लागलं.

माझ्या सिद्धांताला खरी टक्कर देतो तो फ्रिट्झ बार्थेल हा ऑस्ट्रियन. १९८०च्या दशकात त्याने बुटाच्या पंज्याला दोन बाजूंनी टाचणीसारख्या खिळ्यांत पकडणारं हलकं बायंडिंग केलं: चढताना टाच सुटी, उतरताना कुलूपबंद. आज आल्प्सपासून गुलमर्गपर्यंत आपल्या पायांनी चढणारे बहुतेकजण याच धर्तीचं बायंडिंग वापरतात आणि टाच बांधून उतरतात. तिथे गाडी नाही, घड्याळ नाही, तरी टेलेमार्क मागे पडलंच. म्हणजे चढणाऱ्याची टाच मोकळी राहते, हे माझं अर्धं विधान इथे लंगडं पडतं. आगगाडीवरचा आरोप मी सौम्य करतो.

घड्याळावरचा मात्र करत नाही, कारण त्याचा पुरावा टेलेमार्कच्या स्वतःच्या शर्यतींतच आहे. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघ या शर्यती भरवतो. सगळ्यांची टाच मोकळी, तारा-स्प्रिंगा सगळ्या टेलेमार्कच्याच. तरीही झेंड्यांपाशी पंच उभे करावे लागतात. मागची टाच नीट उचलली नाही, पाय पुरेसा पुढे-मागे झाला नाही, की वेळेत दंडाचा सेकंद चढतो. दंड काढा, म्हणजे हेच टेलेमार्कपटू मोकळ्या टाचेने दोन्ही पाय जोडून सरळ खाली येतील. बांधायला तार लागत नाही, सेकंद पुरतात. तारेला सोडून द्या.