घल्लूघारा
शीख परंपरेतील सामूहिक संहाराची संज्ञा. लहान (१७४६) व मोठा (१७६२) हे दोन घल्लूघारे प्रसिद्ध आहेत. जून १९८४ मधील सुवर्णमंदिरावरील लष्करी कारवाईस अनेक शीख तिसरा घल्लूघारा मानतात. शासनाच्या मते ती सशस्त्र अतिरेक्यांविरुद्धची मोहीम होती; शिखांना मात्र गुरू अर्जुनदेवांच्या हौतात्म्यदिनासाठी जमलेल्या यात्रेकरूंचा मृत्यू आणि नांदेडच्या हुजूर साहिबसह पाच तख्तांत अग्रगण्य असलेल्या अकाल तख्ताचा विध्वंस स्मरतो. ३१ ऑक्टोबर रोजी शीख अंगरक्षकांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या केल्यानंतर दिल्लीत, अधिकृत गणनेनुसार, २,७३३ शीख मारले गेले. त्यास ‘दंगल’ म्हणणे बहुसंख्य शिखांना अमान्य आहे. कारण त्या शब्दात दोन जमावांचा संघर्ष गृहीत धरला जातो. २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी संसदेत याबद्दल क्षमा मागितली.