छातीवरचा हिशेब

अणुऊर्जा केंद्र म्हटलं की डोळ्यांपुढे काँक्रीटच्या जाड भिंती येतात, उंच चिमणी येते, फाटकावरचा पहारा येतो. माझं लक्ष मात्र एका फार लहान वस्तूकडे जातं. शर्टाच्या खिशाला टाचलेला, तळहातात मावणारा बिल्ला. तारापूरच्या केंद्रात किरणोत्सर्गाच्या भागात काम करणाऱ्या माणसाला तो लावल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. मी विज्ञान शिकलेलो नाही. बी. ए. झालो आणि कविता लिहीत बसलो. पण जे दिसत नाही, ज्याला वास नाही, जे अंगात शिरतं तेव्हा दुखतही नाही, त्याचा हिशेब माणसाने कसा ठेवला, हे मला कोणत्याही कादंबरीइतकं ओढून घेतं.

श्रोतेहो, ही गोष्ट अणुभट्टीच्या कितीतरी आधी सुरू होते. रोंटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि जग हरखून गेलं. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. क्ष-किरणांची नळी चालते का, हे तो स्वतःचा हात मध्ये धरून बघायचा. आधी हात भाजले, मग ते कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसनने ते संशोधन सोडून दिलं. डॅलीच्या छातीवर बिल्ला नव्हता, त्याचा हातच त्याचा बिल्ला होता.

पुढे १९२८ साली स्टॉकहोममध्ये या किरणांपासून संरक्षणाचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती बसली. १९३४ मध्ये तिने जी ‘सोसवेल अशी’ मात्रा सांगितली, ती आजच्या मापात मांडली तर वर्षाला काहीशे मिलिसिव्हर्ट भरेल. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आकडा वर्षाला ५० च्या आसपास आला. १९९० मध्ये पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० सांगितला गेला. भारतात पाच वर्षांत मिळून १०० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, अशी मर्यादा आहे. तुलनेसाठी सांगतो, माती, आकाश आणि हवा यांतून आपल्या सगळ्यांना जगभरच्या सरासरीने वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. आकडा खाली खाली का आला? मधल्या काळात रेडियमच्या रंगाने घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली होत्या, क्ष-किरण वापरणारे डॉक्टर होते, हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेली माणसं होती. या आकड्यांच्या प्रत्येक दुरुस्तीमागे कुणाचं तरी शरीर आहे.

बिल्ला जन्मला तो युद्धात. १९४२ मध्ये शिकागोला पहिली अणुभट्टी उभी राहत होती, तेव्हा तिथल्या माणसांच्या अंगावर फोटोच्या फिल्मचा तुकडा लावण्याची युक्ती अर्नेस्ट वोलन या शास्त्रज्ञाने पक्की केली. फिल्म जितकी काळी, तितके किरण जास्त. या खात्याला त्यांनी नाव दिलं ‘हेल्थ फिजिक्स’. नाव ऐकून कुणाला किरणांची शंका येऊ नये.

आपल्याकडे १९७५ पासून फिल्मच्या जागी दुसरा बिल्ला येऊ लागला, तो भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झाला. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरण लागले की त्यांची ऊर्जा या चकत्या मुकाट्याने साठवून ठेवतात. ठराविक मुदतीने बिल्ला प्रयोगशाळेत जातो, चकती तापवली जाते आणि जेवढं सोसलं तेवढा उजेड ती बाहेर टाकते. ऊब मिळाली की साठलेलं सांगून टाकायचं, हे आम्हा कवींना नवीन नाही!

तारापूर १९६९ मध्ये सुरू झालं. दोन्ही भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, पाणी भट्टीतच उकळवणाऱ्या. तीच वाफ टर्बाइनपर्यंत जाते, त्यामुळे किरणांची काळजी टर्बाइनच्या बाजूलाही घ्यावी लागते. सुरुवातीच्या वर्षांत इंधनाच्या नळ्यांमधून गळती झाली आणि दुरुस्तीची कामं अवघड झाली. अशा कामाचा नियम तीन शब्दांचा आहे: वेळ कमी, अंतर जास्त, आड भिंत. पण पाना घेऊन व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला अंतर कुठून मिळणार? भिंत तर त्याने ओलांडलेलीच असते. उरते वेळ. मग एकाने दोन तास करायचं काम वीस जणांनी थोडं थोडं करायचं. प्रत्येकाचा आकडा मर्यादेत राहतो. आणि वीस माणसं लागली की हंगामी मजूर आले, कंत्राटदार आला.

हे जगभर झालं. जपानमध्ये कुनिओ होरिए या लेखकाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्वतः कंत्राटी कामगार होऊन तीन केंद्रांत काम केलं आणि १९७९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. या केंद्रातून त्या केंद्रात दुरुस्तीच्या हंगामाबरोबर फिरणाऱ्यांना त्याने अणूचे भटके म्हटलं.

इथेच मला वाटतं या बिल्ल्याचं खरं दुखणं आहे. आमच्या घरांत लहानपणीच सांगतात, माणसाच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते असतात. एक नेकी लिहितो, दुसरा बदी. त्यांच्या वहीत खाडाखोड करता येत नाही. बिल्ल्याची वही तशी नाही. मर्यादा भरली की आतलं काम बंद, आणि रोजावरच्या माणसाचं काम बंद म्हणजे चूल बंद. जो बिल्ला त्याचा जीव राखायला लावला, तोच त्याच्या पोटावर येतो. असा माणूस तो बिल्ला काढून ठेवणार नाही, याची हमी कोणत्या यंत्राने द्यायची?

फुकुशिमात मार्च २०११ मध्ये त्सुनामीचं पाणी आलं, त्यात मोजमापाची यंत्रंही भिजली. सुमारे पाच हजारांपैकी सव्वातीनशेच्या आसपास वापरण्याजोगी उरली. काही दिवस गटातल्या एकाच्याच अंगावर यंत्र, बाकीचे त्याच्या आकड्यावर. २४ मार्चला तीन कामगार किरणोत्सर्गी पाण्यात उभे राहून केबल टाकत होते. त्यांच्यापैकी दोघांच्या पायांत उंच बूट नव्हते. यंत्राने गजर दिला, त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका उपकंत्राटदार कंपनीच्या अधिकाऱ्याने आपल्या माणसांना यंत्रावर शिशाचा पत्रा लावायला सांगितलं. २०१२ च्या जुलैमध्ये हे उघड झालं. शिसं भिंतीत घालायचं, अंगापुढे धरायचं. इथे ते वहीवर झाकलं गेलं.

गोव्याच्या दक्षिणेला, कारवारजवळ कैगाचं केंद्र आहे. तिथे जड पाणी वापरतात आणि त्यात ट्रिटियम तयार होतं. त्याचे किरण इतके दुबळे की कातडीही ओलांडत नाहीत, त्यामुळे ट्रिटियम पोटात गेलं तर छातीवरच्या बिल्ल्याला पत्ता लागत नाही. म्हणून तिथे लघवीची नेमाने तपासणी होते. २४ नोव्हेंबर २००९ ला काही बाटल्यांतले आकडे वाढलेले दिसले. शोध घेत घेत माणसं पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी पोहोचली. कूलर बंद होता, कुलूप होतं. कुणीतरी ट्रिटियमचं जड पाणी बाहेर जाणाऱ्या नळीतून आत ओतलं होतं. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी ते मुद्दाम केलेलं कृत्य असल्याचं सांगितलं. तपासणीत पन्नासहून अधिक जणांच्या शरीरात ते सापडलं, वार्षिक मर्यादा ओलांडणारे मात्र फार थोडे निघाले.

ट्रिटियम शरीरातून पाण्याबरोबरच बाहेर पडतं, साधारण दहा दिवसांत अर्धं. त्या माणसांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं गेलं, काहींना लघवी जास्त होण्याची औषधं दिली गेली. आणि प्रत्येकाच्या नावापुढे नवा आकडा चढला. तो त्या वर्षाच्या बेरजेत धरला जाणार होता, पाच वर्षांच्या बेरजेतही, आणि आत काम करायला किती वाव उरला हे त्यावर ठरणार होतं.