शेवटच्या डब्यातला फोटोवाला

रेल्वेचे फोटो काढणारा बहुधा वळणावर उभा राहतो आणि इंजिन टिपतो. मागच्या डब्याकडे कोण बघतं? मी मालगाडीचा गार्ड होतो, कल्याणचा. त्यामुळे जॅक डेलानो हा फोटोवाला मला जवळचा वाटतो. तो मागच्या डब्यात चढला.

डेलानो १९१४ साली युक्रेनमध्ये जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत आला. १९४२च्या डिसेंबरात तो अमेरिकी सरकारच्या युद्ध माहिती कार्यालयासाठी शिकागोच्या यार्डांत हिंडत होता. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या रेल्वे कंपन्यांचे रूळ या शहरात येऊन मिळत. एकीचे वॅगन दुसरीकडे पोचवायला इंडियाना हार्बर बेल्टसारख्या जोडरेल्वे होत्या. त्यात लढाईच्या मालाची भर.

शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचं प्रोव्हिसो यार्ड त्याने काळ्यापांढऱ्यात टिपलं, आणि कोडाक्रोम फिल्मवर रंगीतही. हंपवर, म्हणजे यार्डातल्या उंचवट्यावर, इंजिन मागून गाडी रेटतं, माथ्यावर कपलिंग सुटतं आणि वॅगन आपल्याच वजनाने घरंगळत ठरलेल्या लाइनीत जातो. त्याला आवरायला रुळांना रिटार्डर बसवलेले असतात. ते तेव्हा मनोऱ्यातला माणूस चालवी. डेलानोने त्या माणसाचा फोटो काढला, तसंच मनोऱ्यातून दिसणारं यार्डही. फोटोखाली त्या माणसाचं नाव आणि गाव लिहिलं. साहेबाचं नाव कुणीही लिहील. मनोऱ्यातल्या माणसाचं लिहिणारे थोडे.

आता त्या मागच्या डब्याविषयी. अमेरिकेतल्या मालगाडीच्या कंडक्टरला, म्हणजे आपल्याकडच्या गार्डाला, नेहमीचा ठरलेला डबा असे. त्यात लिहायला टेबल, शेगडी, आडवं व्हायची सोय. कित्येक जण परतीच्या गाडीची वाट बघत तिथेच रांधून जेवत, झोपत. छतावरच्या उंच बैठकीतून पुढची सगळी गाडी नजरेखाली! आमची ब्रेकव्हॅन रोज निराळी, पत्र्याची, उन्हाळ्यात तव्यासारखी तापलेली. बरोबर आपली सामानाची पेटी, म्हणजे लाइन बॉक्स, आणि पाण्याची बाटली. हॉट ॲक्सल झालाय का, म्हणजे कुठल्या चाकाचा आस तापलाय का, हे बघायला दारातून बाहेर वाकायचं, नाहीतर वासावर भिस्त ठेवायची.

१९४३च्या मार्चमध्ये डेलानो सांता फे रेल्वेच्या गाड्यांनी कॅलिफोर्नियापर्यंत गेला. त्या प्रवासातल्या एका फोटोत गाडी सुटण्याआधी कंडक्टर आणि ड्रायव्हर घड्याळं जुळवताहेत. त्याच वर्षी आयोवातल्या क्लिंटनच्या लोको शेडमध्ये वाफेच्या फवाऱ्याने इंजिन धुणाऱ्या बायकाही त्याने टिपल्या. पण मला सगळ्यांत पसंत आहे ती ब्रेक टेस्टची जोडी: मागचा ब्रेकमन ड्रायव्हरला खूण करतोय, एकात ब्रेक लाव, दुसऱ्यात सोड. नव्या गार्डाला शिकवायला एवढे दोन फोटो पुरे.

आमच्याकडे यार्डात कॅमेरा काढायचा तर लेखी परवानगी लागे, म्हणून कुणी त्या भानगडीत पडत नसे. ड्युटीवरचा माझा एकही फोटो नाही. निवृत्तीच्या दिवशीचा एक आहे, पण त्यात झेंडूचे हार जास्त आणि मी कमी.