पटावरील नाव आणि वर्गातील जागा : मुंबई इलाख्यातील सरकारी शाळा आणि अस्पृश्य विद्यार्थी

मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणाच्या विस्ताराचा इतिहास बहुधा वाढत्या पटसंख्येच्या आधारे लिहिला जातो. शाळा किती निघाल्या, मुले किती दाखल झाली, या आकड्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि पटावर नाव असणे आणि वर्गात जागा मिळणे या भिन्न गोष्टी होत्या. प्रस्तुत लेखात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या संदर्भात या भेदाचा विचार केला आहे.

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने प्रवेश नाकारलेल्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्याची मागणी न्याय्य आहे, हे सरकारला अमान्य नव्हते. परंतु एका मुलासाठी इतरांनी शाळा सोडली तर ती निरुपयोगी ठरेल, असे सांगून हस्तक्षेप टाळण्यात आला. म्हणजे येथे पटसंख्या हेच नकाराचे कारण झाले. पुढे कंपनीच्या संचालक मंडळाने १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचे स्पष्ट केले. प्रत्यक्षात १८८१-८२ मध्ये इलाख्यातील प्राथमिक शाळांत ब्राह्मण विद्यार्थी सुमारे एक पंचमांश होते, तर अस्पृश्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या आकड्यांमागील कारण मांडले. उच्चवर्णीयांच्या मुलांशेजारी बसू दिले जात नसल्याने महार, मांग आदी जातींची मुले सरकारी शाळांबाहेर राहिली होती. त्यांच्यासाठी काढलेल्या स्वतंत्र शाळा फक्त मोठ्या शहरांतच होत्या, आणि पुण्यात पाच हजारांहून अधिक वस्तीसाठी अशी एकच शाळा असून तिची हजेरी तिसाच्या आत होती. आयोगाने समान प्रवेशाचे तत्त्व मान्य केले, पण भर स्वतंत्र शाळांवर दिला. अशा शाळांमुळे अहवालातील संख्या वाढू शकत होती. सर्वसामान्य शाळेतील बैठक मात्र तशीच राहत होती.

ही बैठक कोणत्याही रजिस्टरात नोंदलेली नसते. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. ही शाळा माध्यमिक होती, तरी उदाहरण बोलके आहे. डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींनुसार त्यांना वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागे, आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे. शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. नोंदवही पाहणाऱ्यास यातले काहीच दिसणार नाही.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूर संस्थानातील घटनाक्रम महत्त्वाचा वाटतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण त्याहून मूलगामी पाऊल १९१९ चे होते, असे आमचे मत आहे. त्या वर्षी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम निघाला. ब्रिटिश मुलखात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळाही खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला.

त्या काळच्या नोंदवह्यांना आज वेगळेच महत्त्व आले आहे. जात पडताळणीसाठी पणजोबा-आजोबांच्या प्राथमिक शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा मागितला जातो, आणि जुनी नोंद अधिक विश्वसनीय मानली जाते. ज्या घरातील मुलास त्या काळी शाळेत घेतलेच नाही, त्या घराकडे हा उतारा नसतो.