ओळंबा कुणी ओढला?

लहानपणी आमच्या घराचं बांधकाम चालू असताना गवंडीकाका म्हणायचे, "ओळंबा खोटं बोलत नाही." परवा भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबद्दल वाचताना त्यांची आठवण आली..

मुझफ्फरनगरजवळचं कलियाना आणि सिरोंजजवळचं कल्याणपूर. या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक त्रिकोण मोजून एक आला आणि तारे बघून दुसरा. तफावत ५.२३६ सेकंद (सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). जॉर्ज एव्हरेस्टने ती मोजणीतली चूक धरली.

कलकत्त्याचा धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट याचा संशय मात्र हिमालयावर. ताऱ्यांचे कोन ओळंब्याच्या रेषेवरून मोजतात आणि ओळंब्याला तर डोंगर स्वतःकडे ओढतोय! ओढीची दिशा झुकण्यावरून कळते. झुकण्याच्या कोनाचा टॅन म्हणजे डोंगराची आडवी ओढ भागिले गुरुत्वाकर्षण. १८५५ साली प्रॅटने हिशोब प्रसिद्ध केला, तर तफावत १५.८८५ सेकंद यायला हवी होती. प्रत्यक्षापेक्षा तिप्पट!

त्याच वर्षी जॉर्ज एअरीने उत्तर सुचवलं: डोंगराखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असणार, म्हणून ओढ कमी पडते.

काका, तुमचा ओळंबा खरंच बोलत होता. आम्हीच फक्त वरचा डोंगर मोजत होतो.