दोन अक्षरांच्या आज्ञा: युनिक्स शेलचा इतिहास

वापरणाऱ्याने टंकलेली ओळ वाचायची, तिचा अर्थ लावायचा, हवा तो प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याचे उत्तर पुढ्यात ठेवायचे, हे शेलचे काम. लिनक्स, मॅकओएस आणि इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर आजही अशा शेलमधून हाताळले जातात. फाइलींची यादी पाहण्यासाठी ‘एलएस’, डिरेक्टरी बदलण्यासाठी ‘सीडी’, प्रत काढण्यासाठी ‘सीपी’, जागा किंवा नाव बदलण्यासाठी ‘एमव्ही’, पुसून टाकण्यासाठी ‘आरएम’ ही तिथली रोजची भाषा. नवशिक्याला ही तुटक अक्षरे पाठांतराचे ओझे वाटतात. पण त्यांतील जवळजवळ प्रत्येक अक्षरामागे त्या काळच्या यंत्राची एखादी अडचण किंवा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. तो कळला की आज्ञा समजून लक्षात राहते.

शेलची कल्पना युनिक्सपेक्षा जुनी आहे. १९६० च्या सुमारास बहुतेक संगणकांना काम द्यायचे ते छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून, आणि उत्तरासाठी तासन् तास थांबायचे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. तीत अनेकजण आपापल्या टंकयंत्रावरून एकाच संगणकाशी एकाच वेळी बोलू शकत. तिथे काम करणारे फ्रेंच अभियंते लुई पूझाँ यांच्या लक्षात आले की माणूस त्याच त्या आज्ञा त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा टंकतो. आज्ञांचा क्रम एका फाइलीत लिहून ठेवायचा आणि ती फाइलच चालवायची, अशी सोय त्यांनी ‘रनकॉम’ या प्रोग्रॅमने केली. आज ‘बॅशआरसी’सारख्या फाइलींच्या नावांच्या शेवटी येणारी ‘आरसी’ ही अक्षरे या रनकॉमचीच खूण आहेत.

एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून मल्टिक्स ही मोठी प्रणाली हाती घेतली, तेव्हा पूझाँ यांनी हा विचार पुढे नेला. आज्ञा वाचणारा भाग प्रणालीच्या गाभ्यात न ठेवता इतर प्रोग्रॅमसारखाच साधा प्रोग्रॅम असावा, असे त्यांनी मांडले आणि त्याला शेल हे नाव दिले. ते फ्रान्सला परतल्यावर १९६५ मध्ये ग्लेंडा श्रोडर यांनी मल्टिक्सचा पहिला शेल लिहिण्याचे काम केले.

बेल लॅब्जने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतले. त्याच वर्षी न्यू जर्सीतील मरे हिल येथे केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या लहानशा, तेव्हाच जुन्या झालेल्या संगणकावर एक आटोपशीर प्रणाली लिहायला घेतली. डेनिस रिची त्यांच्या जोडीला होते. हीच युनिक्स. मल्टिक्सचा भलामोठा पसारा त्यांनी सोडला. गाभ्याबाहेरचा शेल मात्र घेतला. गाभा म्हणजे कर्नल आणि शेल वेगळे राहिल्यामुळे कोणालाही कर्नलला हात न लावता स्वतःचा नवा शेल लिहिता आला. पुढच्या पन्नास वर्षांत शेल बदलत गेले आणि खालची प्रणाली तशीच चालू राहिली, याचे मूळ या निर्णयात आहे.

आज्ञा आखूड का, याचे उत्तर टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रात सापडते. त्याला स्क्रीन नव्हता. टंकलेले आणि संगणकाने पाठवलेले सगळे कागदाच्या गुंडाळीवर छापले जाई, तेही सेकंदाला फार तर दहा अक्षरे या वेगाने. सत्तर अक्षरांची एक ओळ छापायला सात सेकंद लागत. कळाही जड होत्या, बोटाने जोर लावून दाबाव्या लागत. अशा यंत्रावर एकेक अक्षर वाचवणे म्हणजे वेळ आणि श्रम वाचवणे होते. म्हणून ‘लिस्ट’चे ‘एलएस’, ‘कॉपी’चे ‘सीपी’, ‘मूव्ह’चे ‘एमव्ही’ आणि ‘रिमूव्ह’चे ‘आरएम’ झाले. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत या चारही आज्ञा आहेत. फाइलीतील मजकूर दाखवणारी ‘कॅट’, शब्द व ओळी मोजणारी ‘डब्ल्यूसी’, कोण कोण काम करत आहे हे सांगणारी ‘हू’ आणि फाइली शोधणारी ‘फाइंड’ याही तिथे आहेत. आजच्या माणसाला त्यांतील बऱ्याच आज्ञा थेट वापरता येतील.

काम बिनचूक झाले की युनिक्सची आज्ञा काही बोलत नाही, हे त्याच यंत्राशी जुळणारे वळण. ‘सीपी’ने प्रत काढली की पुढची ओळ फक्त नव्या आज्ञेची वाट पाहते. संथ यंत्रावर अभिनंदनाचा संदेश छापत बसणे परवडणारे नव्हते. नवशिक्याने या शांततेला घाबरू नये. चूक झाली तरच शेल बोलतो.

‘सीडी’ची गोष्ट वेगळी आहे, आणि ती रिची यांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. सुरुवातीच्या युनिक्समध्ये ही आज्ञा इतरांसारखाच एक स्वतंत्र प्रोग्रॅम होती. पुढे प्रत्येक आज्ञेसाठी शेलने नवी प्रोसेस जन्माला घालायची आणि काम संपताच ती संपवायची, अशी पद्धत आली. त्यानंतर डिरेक्टरी बदलणे एकाएकी बंद पडले. बराच वेळ कोड तपासल्यावर कारण कळले: आज्ञा चालत होती, पण डिरेक्टरी बदलत होती ती नव्या प्रोसेसची, ती प्रोसेस लगेच संपे आणि शेल जिथल्या तिथे राही. तेव्हापासून डिरेक्टरी बदलण्याचे काम शेल स्वतःच करतो. पहिल्या पुस्तिकेत तिचे नाव ‘सीएचडिर’ आहे. ‘सीडी’ हे त्याचे नंतरचे आखूड रूप. ‘सीडी’नंतर दोन टिंबे दिली की एक पायरी वर जाता येते, काहीच न देता ‘सीडी’ दिले की आपल्या मूळ डिरेक्टरीत परतता येते, आणि आपण कुठे आहोत हे ‘पीडब्ल्यूडी’ सांगते.

लपलेल्या फाइलींची प्रथा मात्र एका घाईतून आली. बेल लॅब्जमधील रॉब पाइक यांनी ही हकिकत सांगितली आहे. प्रत्येक डिरेक्टरीत स्वतःसाठी एक टिंब आणि वरच्या डिरेक्टरीसाठी दोन टिंबे अशा दोन नोंदी असत. यादीत त्या दिसू नयेत म्हणून ‘एलएस’मध्ये सोपी तपासणी घातली गेली: नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ते नाव वगळायचे. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कोणतीही फाइल यादीतून गायब होऊ लागली, आणि प्रोग्रॅम आपल्या मांडणीच्या फाइली अशा नावांनी ठेवू लागले. त्या पाहायच्या तर ‘एलएस -ए’ द्यावे लागते.

‘एमव्ही’ आणि ‘आरएम’ यांचे वागणे फाइलींच्या रचनेतून आले आहे. युनिक्समध्ये फाइलीचे नाव म्हणजे डिरेक्टरीतील एक नोंद. मजकूर डिस्कवर वेगळा असतो. म्हणून एकाच डिस्कवरील फाइल हलवणे आणि तिचे नाव बदलणे ही दोन्ही कामे एकच आज्ञा करते. फक्त नोंद बदलते. ‘आरएम’ ही नोंद काढून टाकते. मधे कचऱ्याची टोपली नाही, गेलेले परत आणणारी आज्ञा नाही. विशेषतः ‘आरएम -आर’ पूर्ण डिरेक्टरी आतल्या फाइलींसकट पुसते. हात बसेपर्यंत ‘आरएम -आय’ वापरावे. प्रत्येक फाइल पुसण्याआधी ते विचारून घेते.

शेलला खरे बळ दिले ते पाइपने. बेल लॅब्जमधील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहिले होते की बागेतल्या पाण्याच्या नळीचे तुकडे जोडावेत तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. युनिक्स आल्यावर त्यांनी हा आग्रह सोडला नाही. १९७३ मध्ये थॉम्प्सन यांनी एका रात्रीत ही सोय प्रत्यक्षात आणली. आधी त्यासाठी वेगळी लेखनपद्धत होती. थोड्याच काळात ‘|’ ही उभी रेघ आली आणि कायम झाली. त्यापूर्वी एका आज्ञेचे उत्तर ‘>’ या चिन्हाने फाइलीत साठवून, ती फाइल दुसऱ्या आज्ञेला देऊन, शेवटी पुसावी लागे. पाइपमुळे ‘हू | डब्ल्यूसी -एल’ एवढ्याच ओळीत संगणकावर किती जण आहेत हे कळू लागले. आज्ञांच्या मितभाषीपणाला इथे नवा अर्थ आला: एकीचे उत्तर दुसरीला द्यायचे तर त्यात फालतू शब्द चालणार नाहीत.

त्याच सुमारास ‘ग्रेप’ आली. लेखकत्वाचा वाद असलेल्या जुन्या अमेरिकन राजकीय निबंधांचा, फेडरलिस्ट पेपर्सचा, अभ्यास बेल लॅब्जमध्ये ली मॅकमहन करत होते. तो मजकूर ‘ईडी’ या तेव्हाच्या संपादकात मावत नव्हता. थॉम्प्सन यांनी ‘ईडी’मधील शोधाचा भाग वेगळा काढून स्वतंत्र आज्ञा तयार केली, आणि संपादकातल्या शोधाच्या सूत्राची अक्षरेच तिचे नाव झाली. हवा असलेला शब्द ज्या ज्या ओळीत आहे, त्या ओळी ती दाखवते.

थॉम्प्सन यांचा शेल साधा होता. त्यात मोठे प्रोग्रॅम लिहिणे अवघड होते. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. अल्गोल ६८ या भाषेचा त्यांच्यावर प्रभाव होता, म्हणून ‘इफ’ने उघडलेला भाग त्याच अक्षरांच्या उलट क्रमाने, ‘फाय’ने बंद होतो. त्याच न्यायाने ‘डू’ला ‘ओडी’ने मिटवायचे, तर त्या नावाची आज्ञा आधीच होती; म्हणून ‘डन’ आले. त्याच काळात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे बिल जॉय यांनी सी-शेल लिहिला. आधी दिलेल्या आज्ञांचा इतिहास ठेवणे, ‘!!’ देऊन शेवटची आज्ञा पुन्हा चालवणे आणि ‘एलियास’ने स्वतःचे आखूड नाव देणे या सोयी त्यात होत्या. मूळ डिरेक्टरीसाठी ‘~’ हे चिन्हही तिथूनच रुळले. जॉय वापरत त्या एडीएम-३ए टर्मिनलवर हे चिन्ह आणि ‘होम’ हा शब्द एकाच कळीवर होते.

कंट्रोल कळीचे शॉर्टकट टेलिटाइपच्या काळातले आहेत. १९६३ च्या आस्की संकेतसंचात छापायच्या अक्षरांखेरीज यंत्राला सूचना देणारे संकेत होते, आणि कंट्रोलसोबत अक्षर दाबले की वर्णमालेतील त्याच्या क्रमांकाचा संकेत जाई. डी चौथे अक्षर आणि चौथा संकेत ‘पाठवणे संपले’ असा. म्हणून रिकाम्या ओळीवर कंट्रोल-डी दिल्यास शेल बंद होतो. बाराव्या एलचा संकेत नव्या पानाचा होता. आज कंट्रोल-एल स्क्रीन कोरा करते. कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू हे समोरून येणारा मजकूर थांबवण्याचे आणि पुन्हा सुरू करण्याचे संकेत होते. आजही चुकून कंट्रोल-एस दाबले गेले की टर्मिनल गोठल्यासारखे वाटते. कंट्रोल-क्यूने ते मोकळे होते. चालू प्रोग्रॅम थांबवणारी कंट्रोल-सी मात्र सुरुवातीच्या युनिक्समध्ये नव्हती. तिथे ‘डिलीट’ कळ ते काम करी. कंट्रोल-सीची सवय डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या प्रणालींवरून आली. कंट्रोल-झेडने काम बाजूला थोपवून ठेवणे आणि ‘एफजी’ने पुन्हा समोर आणणे ही बर्कलीच्या युनिक्समधील भर.

ओळ टंकताना मदत करणारे शॉर्टकट त्यानंतरचे. अर्धवट नाव शेलने पूर्ण करावे, ही कल्पना टेनेक्स या प्रणालीतून केन ग्रीर यांनी सी-शेलमध्ये आणली. त्यातून टीसी-शेल घडला. बेल लॅब्जचे डेव्हिड कॉर्न यांच्या १९८३ मधील शेलमध्ये चालू ओळ संपादकासारखी दुरुस्त करता येऊ लागली. पुढे रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ब्रायन फॉक्स यांनी बॅश लिहिला. तो जून १९८९ मध्ये बाहेर आला. त्याच्या ओळ-संपादनाच्या कळा ईमॅक्स या संपादकाच्या आहेत: कंट्रोल-ए ओळीच्या आरंभी नेते, कंट्रोल-ई शेवटी, कंट्रोल-के पुढचे सगळे कापते, कंट्रोल-वाय कापलेले परत आणते आणि कंट्रोल-आर जुन्या आज्ञांत शोध घेते. टॅब दाबली की फाइलीचे नाव पूर्ण होते. नवशिक्याने सर्वांत आधी अंगवळणी पाडावी ती हीच कळ. ती श्रम वाचवते आणि नाव चुकल्याचे आधीच कळवते.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतले, तेव्हा त्यावर चालवलेल्या पहिल्या प्रोग्रॅमांत बॅश होता. १९९२ च्या पॉझिक्स मानकाने शेल आणि त्याच्या आज्ञांचे वागणे ठरवून दिले, त्यामुळे एका प्रणालीवर शिकलेले दुसरीवर उपयोगी पडू लागले. पॉल फॉलस्टॅड यांनी १९९० मध्ये विद्यार्थी असताना लिहिलेला झेड-शेल २०१९ पासून मॅकओएसचा मुख्य शेल आहे. भारतात हे ज्ञान पसरवणाऱ्यांत नागपूरचे लेखक यशवंत कानेटकर यांचा वाटा आहे. शेल प्रोग्रॅमिंगवरील त्यांच्या पुस्तकातून अनेक विद्यार्थी शिकले.

टेलिटाइप यंत्रे केव्हाच संग्रहालयात गेली; त्यांच्यासाठी घडलेल्या आज्ञा राहिल्या. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते, आणि तिथेही शास्त्रज्ञ ‘एलएस’ आणि ‘सीडी’च टंकतात. शिकायला आरंभ करणाऱ्याने ‘पीडब्ल्यूडी’, ‘एलएस’, ‘सीडी’, ‘कॅट’, ‘सीपी’, ‘एमव्ही’, ‘आरएम’ आणि ‘ग्रेप’ या आठ आज्ञा, पाइपची रेघ आणि टॅबची कळ एवढे आधी पक्के करावे. अडेल तिथे ‘मॅन’ ही आज्ञा त्या त्या आज्ञेची माहिती उघडून देते. १९७१ च्या त्या पुस्तिकेचीच ती वाढत आलेली आवृत्ती आहे.