कार्डाच्या मागच्या बाजूला

आज आमच्या बचत गटातर्फे आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत ते भेटकार्डांबद्दल. शिक्का उठवायचा, पंचनं फुलं-पानं पाडायची, रंगीत कागद चिकटवायचा. दिसायला हा पोरखेळ वाटतो, पण यामागं पावणेदोनशे वर्षांची गोष्ट आहे. ती बायकांच्या हातांची आहे, म्हणून सांगतो.

आधी आमचंच ऐका. दिवाळीआधी शहरातल्या एका दुकानदारानं आम्हाला ३०० कार्डांचं काम दिलं. रात्री जेवणंखाणं उरकली की आम्ही दहाजणी समाजमंदिरात बसायचो. एकीनं कागद कापायचा, दुसरीनं घडी घालायची, तिसरीनं पणतीचा शिक्का मारायचा. कार्डं वेळेत गेली, ठरलेले पैसेही मिळाले. पुढं आमच्यातली एक सून माहेरी जाताना त्या दुकानात डोकावली. प्रत्येक कार्डामागं दुकानाची चिठ्ठी होती आणि किंमत आमच्या मजुरीच्या कितीतरी पट. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘हातानं केलेलं’. कुणाच्या हातानं, ते मात्र नव्हतं.

बैठकीत आमच्या एक मावशी म्हणाल्या, “हा धंदा पहिल्यापासून असाच चालतो काय गं?” उत्तरासाठी आम्ही शाळेतल्या बाईंना गाठलं. त्यांनी पुस्तकं काढून दिली, जुन्या कार्डांची चित्रं दाखवली. जे कळलं ते असं.

कार्ड पाठवायचं तर आधी टपाल स्वस्त हवं. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत देशभर कुठंही पत्र जाऊ लागलं. १८४३ मध्ये हेन्री कोल नावाच्या अधिकाऱ्यानं नाताळाची कार्डं छापून घेतली. एका कार्डाला एक शिलिंग पडे, म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरच. आपल्याकडे १८५४ मध्ये अंतर कितीही असलं तरी हलकं पत्र अर्ध्या आण्यात जाऊ लागलं आणि १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. सासरी गेलेल्या लेकीची खुशाली माहेरी कळू लागली ती या पाव आण्यामुळं.

आता खरी गोष्ट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर नावाचं गाव आहे. तिथं १८२८ मध्ये एस्थर हाउलंड ही मुलगी जन्मली. तिच्या वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. त्या काळात मुलींना उच्च शिक्षण क्वचितच मिळे, पण एस्थर शिकली आणि १८४७ मध्ये शिक्षण पूर्ण करून घरी आली. त्याच सुमारास तिच्या हाती इंग्लंडहून आलेलं एक कार्ड पडलं. १४ फेब्रुवारीला आवडत्या माणसाला असं कार्ड पाठवायची तिकडं रीत होती. कार्डाला कागदाची नाजूक जाळी होती, मध्ये फुलं चिकटवलेली. ते पाहून एस्थरला वाटलं, हे तर मीसुद्धा करीन.

वडिलांनी इंग्लंडहून जाळीचा कागद आणि इतर सामान मागवून दिलं. तिनं थोडे नमुने केले. तिचा भाऊ दुकानाच्या मालाची मागणी घेत गावोगाव फिरायचा, त्याच्याकडे तिनं ते दिले. २०० डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, असं तिला वाटत होतं. असं सांगतात, की भाऊ परत आला तो ५,००० डॉलरहून जास्त मागणी घेऊन!

एकटीच्या हातून एवढं काम कसं व्हायचं? तिनं मैत्रिणींना बोलावलं. राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर टेबल मांडलं. एकीनं चित्रं कापायची, दुसरीनं तळाचा कागद लावायचा, तिसरीनं त्यावर जाळी बसवायची. एका हातातून दुसऱ्या हातात कार्ड पुढं सरकायचं. हे ऐकलं आणि आम्ही एकमेकींकडे बघायलाच लागलो. आमच्या समाजमंदिरात तरी दुसरं काय चाललं होतं?

ज्यांना घर सोडता येत नसे त्यांच्यासाठीही तिनं सोय केली. लागेल ते सगळं सामान एका खोक्यात घालून त्यांच्या घरी पोचवायचं आणि आठवड्यानं तयार कार्डं गोळा करायची. आज विडी, पापड, शिवणकाम असंच घराघरांत चालतं, ते आपल्याला ठाऊकच आहे.

तिच्या दोन युक्त्या आम्हाला फार आवडल्या. एक म्हणजे, जाळीखाली ती रंगीत चकचकीत कागदाचा तुकडा ठेवी, म्हणजे जाळी उठून दिसे. दुसरी, वरच्या थराखाली कागदी पट्टीची घडी ठेवी, त्यामुळं चित्र कार्डापासून उचललेलं दिसे. पुढं १८७९ मध्ये तिच्या कंपनीनं १३१ कवितांचं एक पुस्तक काढलं. कार्डातला मजकूर गिऱ्हाइकाला पसंत नसला तर पुस्तकातला दुसरा निवडायचा आणि तो त्या जागी चिकटवून घ्यायचा. कार्ड तेच, पण गिऱ्हाईक परत जात नसे.

आणि मावशींच्या प्रश्नाचं उत्तर? तेही त्या कार्डांच्या मागच्या बाजूलाच सापडलं. एस्थरच्या जुन्या कार्डांमागं लाल शाईत एक छोटं अक्षर असे, ‘एच’. हाउलंडमधला एच. बाईमाणसानं धंदा करणं हेच जिथं नवल, तिथं तिनं आपल्या मालावर आपली खूण उठवली. म्हणून आज तिचं नाव इतिहासात आहे. वडील आजारी पडले तेव्हा त्यांच्या सेवेसाठी तिनं धंदा विकला. १९०४ मध्ये ती वारली.

पण त्या टेबलाभोवती बसणाऱ्या बाकीच्या बायका? त्यांची मजुरी बरी होती म्हणतात. नावं मात्र कार्डावर कुठंच नाहीत. मालकीण बाई असली म्हणून मजूर बाईचं नाव आपोआप येत नाही, हे आम्ही त्यातून शिकलो.

कागदाचंही तसंच. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचं काम शतकानुशतकं चाललं. पेशवाईतल्या दप्तरांना जुन्नरचा कागद लागे. दप्तरात कारकुनाचं नाव सापडतं, लगदा उपसणाऱ्याचं नाही. ही कला टिकावी म्हणून १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. सुती चिंध्यांचा लगदा करून असा कागद बनवतात. कार्डाला तो शोभतो, पण आमचा अनुभव सांगतो: खळ कमी बसलेल्या कागदावर शिक्क्याची शाई फुटते. आधी तुकड्यावर मारून बघा. जाड हातकागद छोट्या पंचमध्ये अडकतो, म्हणून फुलं पातळ कार्डशीटची पाडा आणि हातकागद तळाला घ्या.

आता आम्ही काय केलं ते. गटाच्या नावाचा आणि गावाच्या नावाचा रबरी शिक्का करून घेतला. प्रत्येक कार्डामागं तो मारतो. वहीत कापणारी, शिक्का मारणारी, चिकटवणारी, प्रत्येकीचं नाव आणि कामाचे तास लिहितो. मजुरी त्यावरून ठरते. त्या दुकानदाराला सांगितलं, की आमचा शिक्का राहील. त्यानं काम दिलं नाही. दोन महिने हात रिकामे होते, घरची माणसंही बोलली. खोटं कशाला सांगायचं?

मग संक्रांतीला आम्ही आमचीच कार्डं केली. पूर्वी पाकिटात चार दाणे तिळगूळ घालून कार्ड पाठवायचे, आठवतं ना? तशीच. आत मजकूर न लिहिता जागा कोरी सोडली, म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या मनातलं लिहावं. आठवडी बाजारात आणि शाळेत मिळून ८० कार्डं गेली. ३०० पुढं ८० कमीच. पण त्या ८० कार्डांचे पैसे आम्हीच मोजले.

मावशींना लिहिता येत नाही. पहिल्या कार्डामागं गटाचा शिक्का त्यांनीच मारला. कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, “हं. आता कळंल, कुणी केलं ते.”

मैत्रिणींनो, तुम्ही पापड करा, गोधड्या शिवा, नाहीतर कार्डं करा. माल घराबाहेर पडण्याआधी एकदा त्याची मागची बाजू बघा.